मिरचीच्या पोटातली वार

एक हिरवी मिरची घ्या आणि देठापासून टोकापर्यंत उभी चिरा. आत बहुतेक पोकळीच असते. त्या पोकळीत देठाकडून खाली उतरलेली एक पांढरट, भुसभुशीत शीर दिसते आणि तिला चिकटून बसलेल्या चपट्या बिया. मिरची चांगली तिखट असेल तर त्या शिरेवर पिवळसर, तेलकट चमक असलेले बारीक फोड दिसतात. मिरचीचा सगळा जाळ त्या फोडांत साठलेला असतो. बियांमध्ये तो तयार होत नाही. शिरेला खेटून असल्यामुळे बियांना तो वरून लागतो, एवढंच. ‘बिया काढल्या की मिरची सौम्य होते’ हा स्वयंपाकघरातला अनुभव खरा आहे, कारण बिया खरवडताना शीरही निघून येते.

या शिरेला वनस्पतिशास्त्रात प्लासेंटा म्हणतात. बाळंतपणात बाळाच्या मागोमाग जी बाहेर येते, जिला घरात वार म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात अपरा, तिचंही शास्त्रीय नाव प्लासेंटाच. मिरचीची शीर आणि माणसाची वार यांना एकच नाव कसं मिळालं, हे शोधत गेलं की आधी भाषेचा इतिहास लागतो, मग फळबाजार, मग प्रसूतीची खोली, आणि शेवटी अशी एक जागा येते जिथे वनस्पती आणि प्राणी एकाच अडचणीपुढे उभे असलेले दिसतात. पोटातल्या जिवाला खायला तर घालायचं, पण त्याच्यात मिसळून जायचं नाही, ही ती अडचण.

१५५९ साली रेआल्दो कोलोंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचा ‘दे रे अनातोमिका’ हा ग्रंथ छापला गेला. त्यात त्याने गर्भाशयातल्या या गोल, चपट्या अवयवासाठी प्लासेंटा हा लॅटिन शब्द वापरला. रोमन काळात प्लासेंटा हा खायचा पदार्थ होता. पिठाचे पातळ पापुद्रे एकावर एक रचायचे, मध्ये मेंढीच्या दुधाचं चीज आणि मध भरायचा आणि भाजायचं. केटो या रोमन लेखकाने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर लिहिलेल्या पुस्तकात याची सविस्तर कृती दिली आहे. कोलोंबोला आकार दिसला आणि त्याने त्या आकाराचं नाव दिलं. जर्मन भाषेत आजही वारेला ‘मुटरकुखेन’ म्हणतात, म्हणजे आईचा केक.

हे नाव वनस्पतींकडे वळलं त्यात आश्चर्य नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात झाडांचा अभ्यास करणारे बहुतेक जण वैद्यकी शिकलेले होते. केशवाहिन्यांतून वाहणारं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या मार्चेल्लो मालपीगीनेच पुढे वनस्पतींच्या शरीररचनेवर दोन खंड लिहिले. इंग्लंडचा नेहेमाया ग्रू वैद्य होता, लिनियसही वैद्य होता. एका हातात प्रेतविच्छेदनाची सुरी आणि दुसऱ्या हातात फूल, अशी ती माणसं. फुलाच्या तळाशी फुगीर कुपी दिसली, तिला त्यांनी अंडाशय म्हटलं. कुपीत इवले गोल कण दिसले, ती बीजांडं ठरली. ही बीजांडं ज्या जाडसर पट्टीला धरून असतात, जिथून त्यांना रस मिळतो, ती मग प्लासेंटा झाली.

उलट बाजूने गेलेला एक शब्दही आहे आणि तो मला फार आवडतो. गाय, म्हैस, शेळी यांची वार माणसासारखी एका थाळीची नसते. ती जागोजागी गर्भाशयाला बटणांसारखी जोडलेली असते आणि गायीत अशी बटणं शंभराच्या आसपास असू शकतात. गाय व्याल्यावर ‘जार अडकला’ म्हणतात तेव्हा यांतली काही सुटलेली नसतात. या बटणांना कॉटिलिडन म्हणतात. मूळ ग्रीक शब्द लहान वाटीसारख्या खळग्यासाठी होता आणि प्राचीन ग्रीक वैद्य तो गर्भाशयाच्या वर्णनात वापरत. अठराव्या शतकात लिनियसने तोच शब्द उचलून बीजातल्या पोषक पानांना दिला. म्हणजे तुरीचा दाणा भरडल्यावर जी दोन दलं सुटी होतात, ज्यांची आपण रोज आमटी करतो, ती कॉटिलिडन. गोठ्यातला जार आणि डब्यातली डाळ एका नावाने बांधली गेली आहे.

आता बाजारात चला. प्लासेंटा म्हणजे काय हे एकदा कळलं की भाजीवाल्याची टोपली वेगळीच दिसू लागते.

मटाराची शेंग सोला. दाणे शेंगेच्या एकाच शिवणीला धरून असतात. शेंग उघडली की एक दाणा या टरफलाला, पुढचा दुसऱ्या टरफलाला, असे आलटून पालटून चिकटून राहतात. कारण ती शिवण म्हणजे एका पानासारख्या अवयवाच्या दोन कडा जुळलेली जागा आहे आणि दोन्ही कडांवर प्लासेंटा आहे. भेंडीची आडवी चकती करा. पाच कप्पे दिसतील आणि बिया मधल्या खांबाला धरलेल्या असतील. पपई कापा, तिथे मधे खांबच नाही. बिया सगळ्या आतल्या भिंतीला लटकतात आणि मध्यभागी मोठी पोकळी राहते. झेंडूच्या बारीकशा फुलात तर एकच बीजांड असतं आणि ते थेट तळावर उभं असतं. बिया कुठे टांगायच्या या एका प्रश्नाची ही वेगवेगळी उत्तरं. झाडांची कुळं ओळखताना वनस्पतिशास्त्रज्ञ आजही फुलाचं अंडाशय कापून आधी हेच पाहतात. पाकळ्यांचा रंग फसवतो, बियांची मांडणी सहसा फसवत नाही.

डाळिंब मात्र या सगळ्या मांडण्यांना पुरून उरतं. त्यात मजले असतात. खालच्या मजल्यावर बिया मधल्या अक्षाला धरतात आणि वरच्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला. एकाच फळात दोन पद्धती. दाणे सोलताना जे पिवळसर, मांसल उंचवटे मागे राहतात, ज्यांवर दाण्यांचे खळगे उमटलेले असतात, ते प्लासेंटा. सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंबांच्या राशीच्या राशी पडतात. त्यातलं एखादं फळ खाण्याआधी नुसतं मजला-मजला उलगडून पाहण्यासारखं आहे.

कितीतरी फळांत तर आपण खातो तो भागच मुळी प्लासेंटा असतो. टोमॅटोतल्या बियांभोवतीचा बुळबुळीत, आंबटगोड गर प्लासेंटाचा वाढलेला भाग आहे. कलिंगडाचा लाल गर मुख्यतः तोच. पेरूचा मधला मऊ, बियांनी भरलेला गाभा तोच. वांग्याच्या भरतातही त्याचा मोठा वाटा असतो, कारण वांग्यात प्लासेंटा फुगून कप्पे भरून टाकतो. बी वाढवण्यासाठी झाडाने जो रस आणला, जी ऊती उभी केली, ती आपल्या ताटात येते.

मिरचीने त्याच ऊतीचा उपयोग उलटा केला. पोसण्याच्या जागेवर तिने विष ठेवलं.

तिखटपणा देणारं द्रव्य म्हणजे कॅप्सायसिन. प्लासेंटाच्या सगळ्यात बाहेरच्या थरातल्या पेशी ते तयार करतात आणि वरच्या पातळ आवरणाखाली साठवतात. त्याचेच ते फोड. आपल्या जिभेवर आणि कातडीवर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं, त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते जागं होतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सायसिन त्याच प्रथिनाला चिकटतं. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर ‘तोंड पोळलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा मज्जातंतूंना खरोखरच पोळल्याचा निरोप पोहोचलेला असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे प्रथिन शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं.

पण मिरचीला आपलं तोंड पोळण्यात काय रस? मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली, त्याआधी आपल्या तिखटाची भिस्त मिऱ्यांवर होती. तिच्या मूळ प्रदेशात जोशुआ ट्युक्सबरी आणि गॅरी नाभान यांनी रानमिरचीचा अभ्यास केला आणि २००१ साली निष्कर्ष छापला. उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी बिया चावून चघळून खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेली बी रुजत नाही. पक्षी फळ अख्खं गिळतात आणि त्यांच्या पोटातून गेलेली बी छान रुजते. गंमत अशी की पक्ष्यांमधलं ते उष्णता ओळखणारं प्रथिन कॅप्सायसिनला दाद देत नाही. पक्ष्याला मिरची तिखट लागतच नाही. पोपटाला आपण मिरची भरवतो ती याच कारणाने त्याला सोसते. मिरचीने बियांच्या दाराशी असा पहारेकरी बसवला आहे, जो नको त्याला अडवतो आणि हव्या त्याला ओळखही विचारत नाही.

बोलिव्हियात ट्युक्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक कारण सापडलं. तिथे रानमिरचीच्या एकाच जातीत काही झाडं तिखट फळं देतात, काही अजिबात नाही. फळात सोंड खुपसणारे किडे जिथे जास्त, तिथे त्या छिद्रांतून फ्युजेरियम ही बुरशी आत शिरते आणि बी नासवते. कॅप्सायसिन बुरशीला रोखतं. म्हणून किड्यांचा उपद्रव जास्त असलेल्या भागात तिखट झाडांचं प्रमाणही जास्त आढळलं. हे वाचल्यावर कॅप्सायसिन नेमकं प्लासेंटावरच का, याचा उलगडा होतो. राखायचं आहे ते बी, आणि बीला सगळ्यात जवळ असलेली आईची ऊती तीच. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियासारख्या अतितिखट मिरच्यांत मात्र हे फोड शीर ओलांडून फळाच्या आतल्या भिंतीवरही पसरलेले असतात. २०१५ मध्ये हे दाखवलं गेलं आणि त्यांच्या अचाट तिखटाचं गूढ बरंचसं उकललं. साध्या मिरचीत एका पट्टीपुरतं असलेलं काम तिथे अख्खी भिंत करते.

आता माणसाच्या वारेकडे येऊ. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर बाहेर येणारी वार साधारण अर्धा किलो वजनाची असते, वीस-बावीस सेंटिमीटर व्यासाची आणि दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची. तिच्या मध्यातून निघणारी नाळ सुमारे ५० ते ६० सेंटिमीटर. नाळेच्या वाट्याला आपल्या भाषेत मोठा मान आला आहे. गावाशी नाळ, मातीशी नाळ, असं आपण बोलतो. वार मात्र पुरली जाते किंवा आता रुग्णालयाच्या कचऱ्याबरोबर जाते आणि तिच्याकडे कुणी पाहतही नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं. नऊ महिने या एका अवयवाने बाळाचं फुप्फुस, मूत्रपिंड, आतडं आणि यकृत यांची बरीचशी कामं केलेली असतात. शिवाय संप्रेरकं तयार करून आईच्या शरीराला गर्भ टिकवायला लावलेलं असतं. गर्भधारणेच्या चाचणीत पट्टीवर जी दुसरी रेघ उमटते, ती वारेच्या अगदी सुरुवातीच्या पेशींनी सोडलेल्या संप्रेरकामुळे. बाळाचा चेहरामोहरा तयार व्हायच्या कितीतरी आधी वार बोलायला लागलेली असते.

आईचं रक्त बाळात वाहतं, अशी समजूत शतकानुशतकं होती. १७५४ साली लंडनमध्ये जॉन हंटर आणि त्यांचा सहकारी मॅकेंझी यांनी एका मृत गर्भवतीच्या रक्तवाहिन्यांत रंगीत मेण सोडून पाहिलं. आईकडून सोडलेलं मेण वारेच्या पोकळ्यांत भरलं, पण बाळाच्या वाहिन्यांत शिरलं नाही. दोन्ही रक्ताभिसरणं वेगळी होती. त्यांचे थोरले बंधू विल्यम हंटर यांनी १७७४ मध्ये गर्भवती स्त्रीच्या शरीररचनेचा भव्य चित्रग्रंथ काढला. त्यातली यान व्हान रिम्सडाइक यांची चित्रं आजही पाहताना अंगावर काटा येतो. पुढे हा शोध नेमका कुणाचा, यावरून दोघा भावांत वितुष्ट आलं आणि ते मिटलं नाही.

रक्त मिसळत नाही, मग देवघेव होते कशी? वारेच्या आत बाळाच्या बाजूने झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. शरीरशास्त्रज्ञ त्यांना ‘व्हिलस ट्री’ असंच म्हणतात, तिथेही वनस्पतीचाच शब्द. या फांद्यांत बाळाचं रक्त खेळतं आणि भोवताली आईचं रक्त भरलेलं असतं, पूर्ण दिवसांच्या सुमारास मिनिटाला सहाशे ते सातशे मिलीलिटर. दोघांच्या मधला पडदा काही ठिकाणी तीन-चार मायक्रॉन इतकाच जाड, म्हणजे मिलिमीटरचे तीन-चार हजारांश. सगळ्या फांद्यांचा पृष्ठभाग उलगडून मोजला तर तो बारा चौरस मीटरच्या आसपास भरतो, एका लहानशा खोलीच्या जमिनीइतका. अर्ध्या किलोत एवढी जागा.

त्या पडद्याचा आईच्या रक्ताकडचा थर तर अजबच आहे. तो पेशींच्या ओळीने बनलेला नसतो. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड पत्रा झालेला असतो, ज्यात पेशींच्या सीमा नाहीत पण केंद्रकं आहेत. फट नसल्यामुळे आईच्या संरक्षक पेशींना सहज आत घुसता येत नाही. पेशींना असं एकमेकींत मिसळवणारं प्रथिन, सिन्सिटिन, २००० साली ओळखलं गेलं आणि त्याचं मूळ पाहून शास्त्रज्ञ चकित झाले. ते जनुक विषाणूचं होतं. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याआधी आपल्या वानरवंशीय पूर्वजांच्या जनुकसंचात एक विषाणू शिरला आणि तिथेच राहिला. पेशीत घुसताना पेशीच्या आवरणाशी आपलं आवरण जोडायला तो जे प्रथिन वापरत होता, तेच आता वार बांधायला वापरलं जातं. उंदरांमध्येही सिन्सिटिन आहे, पण ते वेगळ्याच विषाणूकडून आलेलं. एकाच कामासाठी निरनिराळ्या प्राण्यांनी निरनिराळ्या वेळी विषाणूंची हत्यारं उचलली.

आणि ही वार कुणाची? आईची, असं सहज तोंडात येतं. पण तिचा बहुतांश भाग बाळाचा आहे. फलित बीजाच्या पहिल्या काही दिवसांतच पेशींची वाटणी होते. आतल्या मूठभर पेशींपासून बाळ घडतं आणि बाहेरच्या थरापासून वार. या थरातल्या पेशी पुढे आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती बदलून त्या सैल, रुंद करतात, म्हणजे रक्त भरपूर यावं. आईच्या शरीरात बाळाने उभारलेला, बाळाच्याच जनुकांवर चालणारा हा अवयव आहे. तो मिळाल्याशिवाय एका श्वासाइतका प्राणवायूही बाळाला मिळत नाही.

मिरचीची गोष्ट इथे नेमकी उलटी होते. मिरचीतली शीर पूर्णपणे आईची आहे, आईच्या झाडाच्या पेशींची, आईच्याच जनुकांची. बियांचं वरचं कवचही आईचंच. नवा जीव म्हणजे कवचाच्या आतला भ्रूण आणि त्याला वेढणारा भ्रूणपोष. काटेकोर बोलायचं तर आई आणि लेकरू यांच्यातली सीमा प्लासेंटावर नाहीच, ती बीच्या आत आहे. जुन्या वैद्यांना हे दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी रस कुठून येतो एवढं पाहिलं आणि नाव दिलं. एका अर्थी हे नाव चुकीच्या पायरीवर बसलं आहे. तरी मी ते खोडणार नाही, कारण बीच्या आतली ती खरी सीमा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की त्या वैद्यांची नजर भलतीच खोल ठरते.

झाडाच्या शरीरात शेजारशेजारच्या पेशी सहसा एकमेकींना बारीक नळ्यांनी जोडलेल्या असतात. त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात आणि त्यांतून साखर, पाणी, संदेश सगळं या पेशीतून त्या पेशीत जातं. पानात तयार झालेली साखर देठातून, शिरेतून, बीच्या कवचापर्यंत येते. आणि तिथे नळ्या संपतात. आईची शेवटची पेशी आणि लेकराची पहिली पेशी यांच्यात एकही नळी नसते. आईची पेशी साखर बाहेरच्या फटीत सोडते आणि लेकराची पेशी ती तिथून उचलते. हंटर यांच्या मेणाने दाखवलं तेच इथे आहे. दोन जीव खेटून राहतात, एकमेकांत उघडत नाहीत.

फटीतून उचलाउचल करायची तर पृष्ठभाग हवा. म्हणून इथल्या पेशींच्या भिंती आतल्या बाजूला असंख्य घड्या घालतात आणि त्या घड्यांवरून पेशीचं आवरण पसरतं, तेवढ्याच जागेत कितीतरी पट मोठं होऊन. ब्रायन गनिंग आणि जॉन पेट यांनी १९६९ साली अशा पेशींना ट्रान्स्फर सेल्स हे नाव दिलं. वारेच्या फांद्यांचा बारा चौरस मीटरचा पृष्ठभाग आणि बीमधल्या या घड्या, दोन्ही एकाच गरजेतून आलेल्या आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा वंशसंबंध नाही.

ही युक्ती फळं येण्याच्या फार पूर्वीची आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कातळांवर, जुन्या वाड्यांच्या भिंतींवर मऊ हिरवं मॉस उगवतं. नीट पाहिलं तर त्यातून केसासारखे दांडे वर आलेले असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला इवली डबी असते. तो दांडा म्हणजे लेकरू. तो आईच्या अंगात पाय रोवून उभा राहतो आणि तिच्याकडून अन्न घेतो. त्या सांध्यावर, बहुधा दोन्ही बाजूंना, घड्या पडलेल्या पेशी असतात आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्या सांध्यालाही प्लासेंटाच म्हणतात. जमिनीवरच्या वनस्पतींच्या सर्वांत जुन्या बीजाणूंच्या खुणा सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. पाण्याबाहेर पडलेल्या हिरव्या झाडोऱ्याने पिल्लाला अंगावर वाढवायचं ठरवलं, तेव्हा सस्तन प्राणी पृथ्वीवर नव्हतेच.

एक साम्य तर मला आजही पुन्हा पुन्हा चकित करतं. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, आणि बहुतेक वेळा दोन्ही सारख्याच वापरल्या जातात. काही जनुकं मात्र अपवाद आहेत. ती कुणाकडून आली यावर ती चालू की बंद हे ठरतं. १९८४ मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियाला मॅकग्रा आणि सोल्टर यांनी उंदरांवर हे दाखवलं. केवळ आईकडचीच जनुकं असलेला गर्भ बरा वाढला, पण वार खुरटली. केवळ वडिलांकडचीच असतील तर वार जोमदार झाली आणि गर्भ खुरटला. पण ही गोष्ट पहिल्यांदा उंदरात सापडली नव्हती. जेरी कर्मिकल यांनी १९७० मध्येच मक्याच्या कणसात ती दाखवून दिली होती, दाण्याच्या रंगात. दाण्याचा रंग ठरवणारं एक जनुक आईकडून आलं तर दाणा पूर्ण रंगे, वडिलांकडून आलं तर ठिपके ठिपके. हा प्रकार घडतो तो भ्रूणपोषात, म्हणजे लेकराला पोसणाऱ्या ऊतीत. गव्हाचा आणि ज्वारीचा पिठाळ भाग, नारळाचं खोबरं, हे सगळे भ्रूणपोष. आई आणि वडील यांच्या जनुकांतली रस्सीखेच जिथे दिसते ती जागा प्राण्यांत वार आणि वनस्पतीत भ्रूणपोष. दोघांचंही काम एकच, आईकडून किती घ्यायचं ते ठरवणं. काही शास्त्रज्ञ म्हणतात की वडिलांच्या जनुकांना जास्त घ्यावंसं वाटतं आणि आईच्या जनुकांना पुढच्या लेकरांसाठीही काही राखायचं असतं. मला हे स्पष्टीकरण पटतं.

माणूस आणि मिरची सोडून तिसऱ्या एका जिवानेही हे सगळं स्वतःच्या वाटेने शोधून काढलं आहे, आणि तो आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या बाजारात टोपलीत मिळतो. मुशी. लहान शार्कना आपल्याकडे मुशी म्हणतात. त्यांतली एक जात, चपट्या फावड्यासारख्या नाकाची, शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. मासे अंडी घालतात हे आपण धरून चालतो, पण ही मुशी पिल्लं देते. बाकीच्या कितीतरी शार्कांच्या अंड्यात भरपूर बलक असतो. हिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, बलक जवळपास नाहीच. म्हणून पिल्लाला जवळजवळ सगळं अन्न आईकडून घ्यावं लागतं. पिल्लाची बलकाची पिशवी गर्भाशयाच्या भिंतीशी सांधते आणि तिचीच वार होते, तिला नाळही असते, आणि त्या नाळेवर अन्न शोषणारे आणखी तंतू असतात. जन्मतानाचं पिल्लू बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब असतं. एका मिलिमीटरपासून तिथवर.

शार्कना वार असते, हे ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी लिहून ठेवलं होतं. गुळगुळीत कातडीच्या एका शार्कची पिल्लं नाळेने गर्भाशयाला जोडलेली असतात, असं त्याचं निरीक्षण होतं. नंतरच्या काळात त्यावर कुणाचा फारसा विश्वास बसला नाही. १८४०च्या सुमारास जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी ते मासे स्वतः कापून पाहिले आणि ॲरिस्टॉटल बरोबर असल्याचं सांगितलं. मिरचीने आईची ऊती वापरली, माणसाने बाळाच्या भोवतालचा थर, मुशीने रिकामी झालेली बलकाची पिशवी. तिन्ही ठिकाणी सामान वेगळं, वंश वेगळा, काळ वेगळा. म्युलर यांनी तिलाही प्लासेंटाच म्हटलं, आणि कोलोंबोच्या त्या गोड पोळीच्या नावाचा इतका लांबवर झालेला प्रवास मला अगदी योग्य वाटतो.